समुद्रावर जाण्यापूर्वी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी कार्यकर्त्यांना विचारलं म्हणे, की पांढुर्ण्यात बसून समुद्राच्या लाटांवर भाषण कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याला सगळ्यांत जवळचा समुद्र सुरतेकडचा, आणि तोही सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर. आम्ही जलसंसाधन विभागातली उपयंत्री मंडळी, डिप्लोमा करून नोकरीला लागलेली. आमची वर्षं नाले, बंधारे, कालवे आणि तलावांच्या पाळी यांवर जातात. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या पांढुर्णा-सौंसरमधून गल्लीगणिक एक तरी गाडी कोकणात नाहीतर गोव्याला जाते. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजच्या सहली निघतात. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली ही नावं आता पोरांना तोंडपाठ आहेत. यातली बरीच पोरं नदीच्या डोहात नाहीतर विहिरीत पोहायला शिकलेली. पाण्याची भीती त्यांना नाही, आणि आम्हाला काळजी वाटते ती त्याचीच.

नदीचं पाणी ओळखायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधे जामच्या पात्रात पळस रोवतात. त्या दिवशी वर कुठे पाऊस झाला आहे का, हे काठावरचे जुने लोक पाण्याकडे पाहून सांगतात. पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, की पात्रातून निघायचं. पूर एकाच बाजूने येतो, एकाच बाजूला जातो. जामसारख्या लहान नदीचा तर चढतोही लवकर आणि उतरतोही लवकर. आमचं सरकारी काम याच ज्ञानाला आकड्यांत मांडण्याचं. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायची, नोंदवहीत लिहायचं. रामाकोन्याला कन्हान नदीवर केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे, तिथेही हेच चालतं.

हा सगळा अनुभव समुद्रावर घेऊन गेलं की फसगत होते. आभाळ निळं, पाऊस नाही, पाणी स्वच्छ, म्हणजे धोका नाही, असं नदीकाठचा माणूस समजतो. समुद्रात एकाच वेळी तीन गोष्टी चालू असतात. भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होतं, लाटा किनाऱ्याकडे येतात, आणि लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. तिन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे. कोळी बांधव तो रोज करतात, आणि तो आपल्यालाही करता येतो.

भरतीपासून सुरुवात करू, कारण तिची किल्ली आपल्या भिंतीवरच टांगलेली आहे. कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. कोकणात जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी होते, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सर्वांत वर, आणि दुपारी बाराच्या आसपास सर्वांत खाली. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. यामागे गूढ काही नाही. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा डोक्यावर येतो, आणि भरती चंद्रामागे चालते. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण पंचांगाच्या एका पानावर एवढं कळतं हे काय कमी आहे! फक्त एक लक्षात ठेवा, हा हिशेब मुंबई-कोकणच्या बाजूचा आहे. जगन्नाथपुरीला जाणाऱ्यांनी तो लावू नये, पूर्व किनाऱ्याच्या वेळा वेगळ्या आहेत.

भरती किती मोठी, हेही तिथीच सांगते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. मुंबईकडे उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरांचा फरक पडतो, खाली मालवणकडे तो साधारण निम्मा. आता बघा, आपला गणपती जातो अनंत चतुर्दशीला, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. मुंबईचं विसर्जन त्यामुळे दरवर्षी उधाणातच होतं. २०२५ साली लालबागचा राजा ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला आणि भरती लागली. पाणी चढल्यावर मूर्ती नव्या तराफ्यावर घेता येईना. आपण सर्वांनी ते टीव्हीवर पाहिलं. त्या दिवशी पौर्णिमा होती. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. सव्वाअकराच्या पुढेमागे पूर्ण भरती, म्हणजे पाणी खाली जायला संध्याकाळ होणार. विसर्जन झालं रात्री नऊच्या सुमाराला. एवढ्या मोठ्या राजालाही पाण्याची वेळ सांभाळावी लागली.

जाता जाता एक सांगतो. आपण घाटावर गणपती शिरवतो ते पाणी मुंबईच्या समुद्राला जातच नाही. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. शेजारच्या मुलताईला उगम पावलेली तापी मात्र पश्चिमेला सुरतेकडे जाते. १९५६ साली विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, पण पाण्याने ती सीमा कधी मानली नाही.

तर भरती. ती घड्याळाच्या काट्यासारखी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मा चढ होतो. आता आमचा नेहमीचा उताराचा हिशेब लावा. कोकणातले बरेच किनारे सपाट आहेत. पन्नासास एक उतार धरला, तर पाणी एक मीटर चढलं की पन्नास मीटर पुढे येतं. तीन मीटर चढ असेल तर मधल्या एका तासात पाऊण मीटर, म्हणजे अदमासे सदतीस मीटर. तुम्ही कपडे-चपला ठेवून ओहोटीमागे शंभर पावलं आत गेलात, तासाभराने वळून पाहिलंत, तर चपलांच्या जागी पाणी असतं. वाळूवर गाडी नेणारे तर आणखीच शहाणे. ओल्या वाळूत चाक रुतलं की गाडी निघेपर्यंत भरती थांबत नाही. असे फोटो दर वर्षी पेपरात येतात.

आता लाटा. आमच्या पर्जन्यमापकासारखं समुद्रातही मापन चालतं. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेलं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, इन्कॉइस म्हणतात त्याला. त्यांचे पिवळे तरंगते गोळे समुद्रात नांगरून ठेवलेले असतात, त्यातला एक आपल्या रत्नागिरीकडच्या समुद्रात आहे. लाटेबरोबर गोळा वर-खाली होतो आणि त्यातलं यंत्र प्रत्येक हेलकावा नोंदवतं. त्यावरून आणि वाऱ्याच्या अंदाजावरून इन्कॉइस प्रत्येक किनाऱ्यासाठी रोज सांगतं, की लाटा किती उंच, कोणत्या दिशेने आणि किती सेकंदांच्या अंतराने येतील. संकेतस्थळावर फुकट आहे, मोबाईलवर ‘समुद्र’ नावाचं त्यांचं ॲपही आहे. आपण निघताना हॉटेलचं रेटिंग बघतो, ताटात सुरमई मिळेल का ते बघतो. हे मात्र कोणी उघडत नाही.

त्या अंदाजातला आकडा वाचताना एक गोष्ट माहीत हवी. ‘लाटेची उंची दीड मीटर’ असं लिहिलं असेल तर सगळ्या लाटा दीड मीटरच्या असतात असं नाही. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्या दिवसातली सर्वांत मोठी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. आता तीन मीटर म्हणजे किती, ते आपल्या घराचं छत बघून समजून घ्या. अर्धा तास तुम्ही पाहिलं, लाटा गुडघ्याला-कमरेला लागत होत्या, म्हणून पोरांना पुढे सोडलं, आणि मग ती एक लाट आली. लोक म्हणतात, अचानक आली. यंत्राच्या हिशेबात ती आधीपासून धरलेली असते. शिवाय पाण्याचं वजन विसरू नका. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोच्या वर भरतं. कंबरभर पाण्यात उभ्या माणसाला लाट लागते तेव्हा अंगावर पाणी उडत नाही, वजन येऊन पडतं.

उंचीइतकंच सेकंदांकडे लक्ष द्यावं. दोन लाटांमधलं अंतर पाच-सहा सेकंद असेल, तर ती जवळच्या वाऱ्याची लाट. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की कोकणात अशा लाटा वाढतात, म्हणून सकाळचा समुद्र बहुधा शांत असतो. अंतर बारा-पंधरा सेकंद असेल, तर ती लाट फार लांबून आलेली असते आणि उंची कमी दिसली तरी तिच्यात जोर जास्त असतो. अशा लांब लाटांचा ताफा खोल समुद्रातून दिवसाला सुमारे हजार किलोमीटर चालतो. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात वादळ व्हावं आणि आठवड्याभराने त्याच्या लाटा आपल्या देशाच्या किनाऱ्याला लागाव्यात, तेव्हा इकडे वारा पडलेला आणि ऊन स्वच्छ असावं, हे नेहमी घडतं. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अशाच लाटा आल्या. इन्कॉइसने आधी इशारा दिला होता, मुंबईतही सूचना निघाल्या होत्या. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर किनाऱ्यावर मित्रमंडळींबरोबर आलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, सुशिक्षित. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ ला आपल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या सहलीतले १४ विद्यार्थी गेले. फेब्रुवारी म्हणजे ना पाऊस, ना वादळ. ही उदाहरणं सणाच्या दिवशी सांगू नयेत असं कोणी म्हणेल. आम्हाला वाटतं, सगळी घरं एका मांडवात बसलेली असतात ती याच दिवसांत, मग सांगायचं कधी?

आता तिसरी गोष्ट, आणि आजच्या भाषणातली आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. लाटा एकामागे एक पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत जाणार कुठून? वाळूच्या पट्ट्यात जिथे खोलगट वाट सापडते तिथून ते एकवटून बाहेर धावतं, बंधाऱ्याच्या सांडीवरून पाणी निघतं तसं. ही ओढ एका माणसाला सेकंदाला मीटर-दोन मीटर आत नेऊ शकते. जिल्हा पातळीवर पोहणारा मुलगाही त्या वेगाविरुद्ध फार काळ टिकत नाही. ओळखायची कशी? किनाऱ्यावर थोडं उंच उभं राहून पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असेल, आणि मधेच एका पट्ट्यात लाटा फुटतच नसतील, पाणी गडद किंवा गढूळ दिसत असेल, फेस बाहेरच्या दिशेने सरकत असेल, तर ती ओढ. गंमत बघा, नदीकाठच्या माणसाला नेमका तोच पट्टा शांत वाटतो. आई लहान मुलाला हाताला धरून तिथेच नेते, कारण बाकीकडे लाटा फार. हा एक गैरसमज आज इथून उठताना प्रत्येकाने सोडून जावा, एवढ्यासाठी आम्ही हे भाषण मागून घेतलं.

ओढीत सापडलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि तिची रुंदी थोडी असते. पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून हाक द्यायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं. लाटा फुटताना दिसतील तिथून आत यायचं, त्याच लाटा मग किनाऱ्याकडे ढकलतात. लाटांवर फळी घेऊन उभे राहणारे सर्फिंगवाले कर्नाटकात मुल्कीला किंवा तामिळनाडूत कोवलमला दिसतात. ते तर याच ओढीवर बसून फुकटात आत जातात. त्यांना जी आयती गाडी, ती आपल्याला ओळखता येत नाही म्हणून घात करते. आपल्या पोरांनी लगेच फळी घ्यावी असं आम्ही सुचवत नाही, काकूंनी घाबरू नये!

आणि दुसरा बुडताना दिसला तर? आपला स्वभाव असा, की मागचापुढचा विचार न करता उडी टाकायची. एकाच्या मागे दुसरा जातो, मग भाऊ, मग मित्र. हाताला हात धरून साखळी करणं तर त्याहून वाईट, पायाखालची वाळू सरकली की सगळी साखळी आडवी होते. प्रत्येक सहलीच्या गाडीत पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार असतो. रिकामा करा, झाकण घट्ट लावा, दोरी बांधा आणि फेका. असा एक जार एका माणसाला सहज तरंगत ठेवतो. तोवर दुसऱ्याने ११२ ला फोन लावायचा आणि जवळच्या जीवरक्षकाला, कोळ्याला हाक मारायची. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधे पाण्यात उतरायचं, नुसतं लाल निशाण असेल तर उतरायचं नाही. जिथे निशाणही नाही आणि माणूसही नाही, तिथे घोट्याच्या वर पाणी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्राला हात लावतो. ज्यांचं पोट समुद्रावर, ते होड्या ओढून घरी बसतात, आणि पंधरा ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत लाटांसमोर पाठ करून सेल्फी काढायला आपण पुढे!

मराठीत एक मौज आहे. आपल्याकडे समुद्र नाही, पण उत्साहाला उधाण येतं, धंद्याला ओहोटी लागते, संसाराचं सुकाणू कोणाच्या तरी हाती असतं. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपण वापरतो, कोकणातली माणसं त्यावर पोट भरतात एवढाच फरक. सासर-माहेराने ज्यांचं कोकणाशी नातं जुळलं आहे, त्यांनी तिथल्या एखाद्या मामांना नुसतं विचारावं, आज पाणी कसं आहे. आकड्यांत नसेल, पण उत्तर खरं मिळेल.

भाषण संपल्यावर एका ताईंनी विचारलं, की आम्ही भाऊबीज आटोपून निघणार, चार-पाच दिवसांनी पोहोचू, मग मुलांना वाळूवर केव्हा नेऊ? तिथल्या तिथे हिशेब केला तो इथे देतो. समजा कार्तिक शुद्ध सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला भरती, अकरा-सव्वाअकराला पूर्ण ओहोटी. भांगाचे दिवस असल्याने पाण्याचा चढउतारही कमी. तेव्हा नाश्ता करून नऊच्या सुमाराला निघा, आधी दहा मिनिटं काठावर उभं राहून फेस कुठे फुटतो आणि कुठे फुटत नाही ते बघा, मुलांना फेसाच्या बाजूला घोटाभर पाण्यात खेळू द्या. साडेबाराच्या आत, चढतं पाणी जोर धरण्याआधी आणि दुपारचा वारा सुटण्याआधी, जेवायला परत. त्या दिवशीचा लाटांचा आकडा मात्र सकाळी मोबाईलवर बघूनच घर सोडा. दीड मीटरच्या वर असेल तर मुलांना वाळूचा किल्ला बांधू द्या, किल्ला बांधायला आपल्या पोरांना दिवाळीची सवय आहेच.